दिवाकरची लावालावी

दिवाकर गेला हे मला पहिल्या झटक्यात कळलंच नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या ऑफिसचं कुलूप मी नुकतंच उघडलं होतं. माझा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, घरघरायचा आणि पुन्हा बंद पडायचा. मी नेहमीसारखी तणतणत दिवाकरला फोन लावला. फोन त्याच्या आईने उचलला. मी म्हटलं, "मावशी, दिवाकरला द्या जरा." त्या म्हणाल्या, "दिवाकर गेला वं बाई." मी म्हटलं, "कुठे गेला? परत कधी येईल? आला की म्हणावं आधी मला फोन कर, सगळं काम अडलंय माझं." मागून कुणा बाईच्या रडण्याचा आवाज आला, आणि मी खाली बसले. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, हे नंतर कळलं. ज्या बाईचा एकुलता एक मुलगा काही तासांपूर्वी गेला तिला मी विचारलं होतं, कधी येईल परत.

याला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत असा रिवाज आहे. लिहीन मी तेही. पण खरं सांगायचं तर या सात आठवड्यांत मी दिवाकरसाठी जितकी रडले त्याच्या दुप्पट त्याच्यावर चिडले. अहो, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची कामं करत फिरला आणि एकालाही ते काम कसं करायचं हे शिकवून गेला नाही! आमची ओळख कॉलेजातली. प्रयोगशाळेत माझी काचेची नळी फुटली की तो स्वतःची पुढे सरकवायचा, आणि मी "थँक्यू" म्हणेपर्यंत माझा प्रयोगही करून टाकायचा. मी पास झाले, पण तो प्रयोग मला आजही येत नाही. पुढे तो कोराडीला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. वडील तिथेच वीज केंद्रात कामगार होते, कॉलनीजवळच त्यांनी लहानसं घर बांधलं होतं. लग्न त्याने केलं नाही. वडील गेल्यावर घरात तो आणि आई, दोघंच. मी महालात हस्तलिखितं तपासून पुस्तकाची पानं तयार करून देण्याचं काम सुरू केलं, माझ्यासह तिघी बायका आणि तीन कॉम्प्युटर. त्या तिन्ही कॉम्प्युटरचा डॉक्टर दिवाकर. दर रविवारी स्कूटरवर यायचा, शर्टाच्या खांद्यावर कोराडीची राख असायची, आणि मी काही विचारायला तोंड उघडलं की म्हणायचा, "तुले काय करायचं माहीत करून? मी हाओ ना."

तो होता ना, म्हणूनच तर घात झाला.

आमच्या भांडणाचा कायमचा विषय भाषा. मी महालातली, आमच्या घरात चुकूनही कोणी "मले" म्हणालं तर आजोबा जेवता जेवता थांबत. दिवाकरचं घर सावनेरकडच्या शेतकऱ्यांचं. तो "मले", "तुले", "काहून" असंच बोलायचा, ऑफिसात, बँकेत, सगळीकडे. मी त्याला सुधारायची. हो, सुधारायची, हाच शब्द मी तेव्हा वापरायची. एकदा आमच्याकडे बाहेरगावचे एक लेखक आले होते, दिवाकर त्यांना म्हणाला, "सर, तुमाले चहा सांगू काय?" मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "तुम्हाला, दिवाकर. तुम्हाला." सगळे हसले. तोही हसला. चहा सांगायला गेला तो बराच वेळ आला नाही, आणि मी पान तपासत बसले होते त्यामुळे ते माझ्या लक्षातही आलं नाही.

माझ्याकडे हस्तलिखितं येतात ती बहुतेक आपल्या विदर्भातली. शाळेच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, मास्तर लोकांची आत्मचरित्रं. त्यांत हे शब्द पेरलेले असायचे आणि मला ते एकेक शोधून दुरुस्त करावे लागायचे. डोळ्यांचं पाणी व्हायचं. एका रविवारी मी दिवाकरला म्हटलं, असं काहीतरी करून दे की एक बटण दाबलं की सगळं शुद्ध झालं पाहिजे. आम्ही ज्यात टाइप करतो त्या प्रोग्रामला एडिटर म्हणतात, आणि त्याला वरून जोडायच्या लहान तुकड्यांना प्लगिन. मिक्सरला चटणीचं वेगळं भांडं लावतो ना, तसंच. दिवाकरने आम्हाला असे सात-आठ तुकडे आधीच लावून दिले होते, कोणी तळटिपांना आकडे द्यायचा, कोणी पानं मोजायचा. तो म्हणाला, "बटन काहून दाबतं? फाइल सेव्ह केली का आपोआप शुद्ध करून देतो. तू निस्ते शब्द सांग." मी सांगायला बसले आणि वीसेक शब्दांत माझी गाडी थांबली. मला येतच नव्हते ना ते! तो म्हणाला, राहू दे, मी आनतो. पुढच्या रविवारी त्याने शाळेच्या वहीची पानंच्या पानं भरून आणली. एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला आमचा. आई भाकरी थापत असताना तो समोर बसून तिला बोलतं करायचा आणि लिहून घ्यायचा. वही माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "घे. माह्या घरातले सगळे चुकीचे शब्द." मी खूष! मी त्याला पेढे खाऊ घातले हो त्या दिवशी. त्याच्या आवाजात काय होतं ते मला आज ऐकू येतं, तेव्हा नाही आलं.

आता पुढची करामत ऐका. तीन कॉम्प्युटर, त्यांतला एखादा सारखा बिघडणारा. नवा आला की एडिटर टाका, सगळे प्लगिन एकेक करून लावा, आणि त्यात एखादा राहून जाणार. तसंच झालं. एका शाळेची स्मरणिका छापून आली आणि मुख्याध्यापकांच्या मनोगतात "मले अत्यंत आनंद होत आहे" असं ठळक अक्षरांत! त्या कॉम्प्युटरवर नेमका शुद्धीचा प्लगिन लावायचा राहिला होता. मुख्याध्यापकांनी मला झाडलं, मी दिवाकरला झाडलं. फोनवर इतकी ओरडले की शेजारच्या दुकानातले काका डोकावून गेले. मी म्हटलं, "कोणी विसरलं तरी चालणार नाही, कोणी काढलं तरी चालणार नाही, ते तिथे असलंच पाहिजे, समजलं?" तो शांतपणे म्हणाला, "समजलं." आणि त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. कॉम्प्युटर सुरू झाला की तो प्रोग्राम गुपचूप उठायचा, यादी बघायचा, कोणता प्लगिन नाही ते शोधायचा आणि परत लावून टाकायचा. त्याला त्याने नाव दिलं लावालावी. मी म्हटलं, अरे बाबा, लावालावी म्हणजे इकडचं तिकडे सांगून दोघांत भांडण लावून देणं. तो म्हणाला, "प्लगिन लावते म्हनून लावालावी. तुह्या मराठीत भांडन लावते तर मी काय करू?" त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो.

चौदाव्याला मी कोराडीला गेले. मावशींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि पदराच्या गाठीतून एक पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "त्यानं माह्यं पुस्तक लिवलं वं. मी सांगू अन् तो टाइप करे. म्हने, पुरं झालं का तिले देतो." तेव्हा मला कळलं की दोन वर्षं हा माणूस आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवत होता. तिचं माहेर, लग्न, धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचं भांडण, कोराडीत वीज केंद्राची चिमणी उभी राहताना तिने बघितलेली माणसं. आणि मला, ज्या बाईचा धंदाच पुस्तकांचा आहे तिला, त्याने अक्षरही सांगितलं नव्हतं! मला आधी वाईट वाटलं, मग रागच आला. मावशी सांगत होत्या, "मले वाचता येत नाई. त्यानं म्हटलं होतं, छापून आनतो अन् वाचून दाखवतो. एक कान गेला माह्या. दुसराही जाऊन राहिला. मले आयकू येते तवर आन वं बाई." मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हटलं, पंधरा दिवसांत आणते. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

ऑफिसात येऊन फाइल उघडली, समासाची मापं बदलली, तीस वर्षांच्या सवयीने सेव्ह केली आणि पहिली तीस पानं छापून पिशवीत टाकली. वाचूनही बघितली नाहीत. पुढच्या रविवारी कोराडीला मावशींच्या उजव्या कानाशी बसून मी मोठ्याने वाचायला लागले. दोन पानं झाली, तीन झाली. त्या आधी माझ्याकडे बघत होत्या, मग खिडकीकडे बघायला लागल्या. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "हे कोन बाई बोलून राहिली?" मी म्हटलं, "मावशी, तुमचंच आहे हे." त्या म्हणाल्या, "माह्यं नाई. माह्यावानी नाई बोलत ते. दिवाकरनं असं लिवलं?" मी कागदाकडे पाहिलं. "मला कोणी काही म्हटलं नाही. मी का थांबू असं मला वाटलं." पानोपान मला, तुला, का, आहे, नाही... लख्ख शुद्ध. मी सेव्ह म्हटलं होतं आणि दिवाकरच्या प्लगिनने दिवाकरच्याच आईची जीभ धुऊन काढली होती. पेन ड्राइव्हवरची मूळ फाइलच मी सेव्ह केली होती, त्यामुळे तीसुद्धा शुद्ध. मावशींना मी काय सांगणार होते? मशीनने केलं म्हणून? मशीनला सांगितलं कोणी होतं? त्या बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, "त्याले माह्यं बोलनं आवडत नव्हतं काय वं?" देवा रे... अशी वेळ शत्रूवरही येऊ नये.

मग सुरू झाली माझी आणि त्या लावालावीची लढाई. आधी मी प्लगिन बंद केला. सकाळी चालू. पुसून टाकला. सकाळी जागेवर हजर, पाहुण्यासारखा. मी ऑफिसातल्या मंदाला विचारलं, तू लावलास का गं? ती म्हणाली, ताई, मी कशाला हात लावते? मग मी दुसऱ्या साध्या प्रोग्राममध्ये आठवणीने "मले" करत चार पानं दुरुस्त केली. पण पानं जुळवायला शेवटी एडिटरमध्येच आणावी लागतात, आणि तिथे सेव्ह केलं की चारही पानांवर पाणी. सीताबर्डीहून एक कॉम्प्युटरवाला बोलावला. त्याने पूर्ण एडिटरच काढून टाकला, नवा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत सगळे प्लगिन आपापल्या जागी येऊन बसलेले. तो कप तसाच धरून बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, ज्याने बसवलं त्यालाच विचारा. एकदम पक्कं काम केलंय." मी म्हटलं, "तो मेला हो!" इतक्या जोरात म्हटलं की तो पैसे न घेता निघून गेला. मी कॉम्प्युटरमध्ये "लावालावी" असं टाइप करून शोधलं. काही नाही. चारदा शोधलं. काही नाही. दिवाकरच्या नावाने मी त्या दिवशी जी बोटं मोडली ती वर कुठे ऐकू जात असतील तर त्याने ऐकली असतील. अरे मेल्या, एक चिठ्ठी लिहून ठेवायची होतीस! एकदा शेजारी बसवून सांगायचं होतंस, हे असं काढायचं! दर वेळी "मी हाओ ना", "मी हाओ ना"... आता कुठे हाओस?

पंधरा दिवसांचे चार आठवडे झाले. मावशींचा फोन येणं बंद झालं, कारण त्यांना फोनवरचं नीट ऐकू येईना. त्यांची शेजारीण म्हणाली, आजकाल कानाशी दोनदा बोलावं लागतं. शेवटी मी जे इतके दिवस टाळत होते तेच केलं. कोराडीला गेले आणि मावशींना म्हटलं, मला त्याच्या खोलीत बसू द्या. सहा आठवड्यांत ती खोली कोणी उघडली नव्हती. टेबलावर राखेचा थर, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर. मी कॉम्प्युटर सुरू केला, आणि पहिल्याच पडद्यावर मावशींची फाइल. भीत भीत उघडली. "मले कोनी काई म्हटलं नाई. मी काहून थांबू असं मले वाटलं." जशीच्या तशी, एक कानाही इकडचा तिकडे नाही. मला हुंदका आला. फाइलच्या शेवटी एक रिकामी जागा टाइप केली आणि भीत भीतच सेव्ह केलं. तरी तशीच. "मले" जागचा हलला नाही. म्हणजे याच्या कॉम्प्युटरवर तो प्लगिन नव्हता? ज्याने तो जन्माला घातला त्याच्याच घरी नव्हता?

त्याच पडद्यावर, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, लावालावी होती. मी आपली देवनागरीत शोधत बसले होते! उघडली. प्रोग्राममधलं मला काही कळत नाही, पण मध्ये मध्ये त्याने स्वतःसाठी मराठीत टिपा लिहिल्या होत्या. "इथं यादी वाचते." "जे नाई ते लावते." एका ठिकाणी माझंच नाव, "सरितानं काढलं तरी परत लावाचं. चिल्लाते ते." वाचून हसूही आलं आणि कानही तापले. त्याच्या खाली, ज्या कॉम्प्युटरवर शुद्धीचा प्लगिन लावायचा नाही त्यांची नावं लिहायला जागा होती. तिथे एकच नाव होतं, याच कॉम्प्युटरचं. आणि शेजारी टीप होती, "इथं लावाचं नाई. इथं माय राह्यते."

मला वाटत आलं होतं की दिवाकरला यातलं काही टोचत नाही. हसतो, वही भरून आणून देतो, जे म्हणू ते करून देतो, म्हणजे त्याला मान्य आहे. तीस वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नाही. आणि तो एकदाही बोलला नाही, हाही माझा राग आहेच, तो मी सोडणार नाही. भांडायचं होतंस की रे... मी काय तुला खाल्लं असतं? खाल्लं असतं कदाचित. मी त्या एका नावाखाली माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचं नाव लिहिलं. प्रोग्राममध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेली ती माझी पहिली ओळ. दोनदा चुकले, स्वल्पविराम राहिला, शेवटी जमलं. लावालावी आणि फाइल दोन्ही पेन ड्राइव्हवर घेऊन ऑफिसात आले, इंग्रजी अक्षरांत शोधून जुनीच्या जागी नवी ठेवली, शुद्धीचा प्लगिन पुसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला. नाही आला तो. मंदाला मी उगाचच मिठी मारली.

गेल्या रविवारी सगळी पानं छापून, शिवून, कोराडीला नेली. या वेळी एकेक ओळ डोळ्यांनी तपासून. मावशी म्हणाल्या, त्याच्याच खोलीत बसू. त्या पलंगावर बसल्या, मी त्याची खुर्ची त्यांच्या उजव्या कानाशी ओढली आणि मोठ्याने सुरुवात केली. अर्धी ओळ झाली नाही तो त्यांनी हात वर केला. घाईने कागद बघितला. कागद बरोबर होता. त्या म्हणाल्या, "काय लिवलं हाये तिथं?" मी म्हटलं, "मले." त्या म्हणाल्या, "मंग तू 'मला' काहून म्हनून राहिली?"

पुन्हा वाचलं. पुन्हा "मला"च आलं तोंडातून. मलाच माझं खरं वाटेना. कॉम्प्युटरमधून तो प्लगिन काढायला तीन आठवडे लागले होते, आणि इथे जिभेवर तो तसाच बसला होता. तिसऱ्यांदा मी शब्दाखाली बोट ठेवलं आणि पहिलीतल्या पोरीसारखं एकेक अक्षर जोडून वाचलं, म... ले. मावशींनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाल्या, "हाव. आता पुढचं वाच."